पहिल्या एक टक्क्यात

शेवटची तारीख एकतीस मे, रात्री बारापर्यंत.
आज एकतीस.
डिलेश्वरी खाटेच्या काठावर, हेमकृष्ण दारात,
चप्पल हातात धरून,
जणू ती आत ठेवायची की बाहेर
हेही मीच ठरवायचं.
"तुमीच लिवा जी सर. तुमाले आमी माहीत आहो."

जागा एक आहे. तिघांनाही ठाऊक आहे,
म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.
चहात साखर जास्त पडली, त्यावर बोलतो.

फॉर्म विचारतो: अर्जदाराचे नेतृत्वगुण.
हेमकृष्ण कापगतेकडे एक्केचाळीस बाटल्या आहेत,
लुचई, दुबराज, हिरानक्की,
आणि एक धान, ज्याचं नाव सांगणारी बाई
मागच्या पोळ्याआधी गेली.
त्या बाटलीवर त्यानं तिचंच नाव चिकटवलंय.
बाटल्यांचं नेतृत्व करतो, असं लिहू?

फॉर्म विचारतो: प्रकाशित संशोधन.
डिलेश्वरीनं तीन पावसाळे
कमरेइतक्या पाण्यात दोरी ताणून मोजलंय
देवधान दरसाल किती पावलं मागे सरकतं,
बेशरम किती पुढे येतो.
तिच्या घरच्या बाया ते धान डोंग्यातून टोपल्यात झाडायच्या.
आता टोपलीत कोंबडी अंडी घालते.
मी लिहितो: नाही.
मग खोडतो. लिहितो: अद्याप नाही.
एका शब्दाची लाच मला परवडते.

पत्र मात्र कायम प्राध्यापकाचं लागतं.
मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर,
घंटा वाजली की सुरू होतो, वाजली की संपतो.
तेव्हा अक्षर माझं, सही प्राचार्यांची.
"या विद्यार्थिनीस मी जवळून ओळखतो"
हे वाक्य त्यांच्या तोंडी,
ज्यांनी तिला सव्वीस जानेवारीला
झेंड्याच्या दोरीपाशी एकदा पाहिलं.

शेवटी चौकटी.
गेल्या दहा वर्षांतील आपल्या विद्यार्थ्यांत हा अर्जदार
पहिल्या एक टक्क्यात? पाच? दहा?
मी हजेरीपुस्तकं काढतो.
खोटं बोलायचंच तर हिशेबानं.
चारशे बारा मुलं.
एक टक्का म्हणजे चार पूर्णांक बारा शतांश.

दोघं बसतात! कुणाला ढकलावं लागत नाही.
उरलेल्या दोन जागांवर कोण, तेही मला माहीत आहे:
एकीच्या लग्नात मी पंगतीला जेवलो,
दुसरा परवा देवरीच्या नाक्यावर दिसला,
ट्रकच्या टपावर, ताडपत्री बांधताना.
"सर!" म्हणून वरूनच हात जोडले त्यानं.

आणि ते बारा शतांश?
तो वीटभट्टीवरचा पोरगा असणार,
शंभरातल्या बाराच तासांना आलेला.
बारा तासांत एकच विचारलं त्यानं,
"झाडाले कसं समजते जी,
का आता पान गाळाचं?"
मी म्हटलं, उद्या सांगतो.

अकरा चाळीस. ओटीपी प्राचार्यांच्या मोबाइलवर,
प्राचार्य गोंदियाला, भाच्याच्या वरातीत.
बँडच्या वरताण ते आकडे ओरडतात.
सात की साठ? सात! सात!
पत्र गेलं.

कुणाचं आधी भरलं ते मी सांगणार नाही.
नाव ज्याच्या हाताशी आलं त्याचं.

अकरा त्रेपन्न. पुन्हा फोन.
"आणखी एक? अहो, त्यातलं चांगलं कोण, ते तरी ठरवा."
डिलेश्वरी कुलरच्या पाण्याकडे पाहते.
हेमकृष्ण चप्पल घालतो, काढतो.
तिकडे नवरदेव घोड्यावरून उतरत असावा,
बँड एकाएकी थांबतो,
आणि एवढ्या शांततेत मला
माझाच आवाज ऐकू येतो:
"सर, आकडे सांगा. सातच मिनिटं आहेत."