एकवीस

अंगात एकशे दोन, बाहेर शेहेचाळीस.
एक फॅरनहाइटमधलं, एक सेल्सिअसमधलं,
मी मीटर रीडिंग घेते, मला एककं कळतात,
पण त्या दुपारी इंदोऱ्याच्या खोलीत
दोन्ही आकडे एकाच तारेवर होते.

डावी बाजू दगड. लाल. ब्लाउजचं कापडही सहन होईना.
उत्पला चाळीस दिवसांची, तोंड उघडून शोधतेय,
आणि मी तिला उजवीकडे वळवते, पुन्हा उजवीकडे.

चहांदे मॅडमनी हलकं दाबून पाहिलं.
पू नाही म्हणाल्या. दूध अडकलं, जंतू शिरले.
एकवीस गोळ्या, दिवसाला तीन.
चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ: अंगावर पाजणं
आणि पुढे दवाखान्याचा जांभळा शिक्का,
बरोबर त्या शब्दांवर बसलेला.
तोंडानं सांगितलंही असेल त्यांनी.
मला तापात फक्त पंखा ऐकू आला.

"बंदच लिहिलं असन," लांजेवार काकू म्हणाल्या.
"औषधाचं दूध हाये ते. लेकराच्या पोटात जाते ना बाई.
नोको पाजू."

दुपारी पहिली गोळी, रात्री दुसरी.
मग मोरीत बसून पिळलं. वाटीभर. ओतलं.
पांढरं पाणी जाळीपाशी थोडं थांबलं,
मग गेलं.
आत उत्पलाचा आवाज फाटत चाललेला.
दुसरी वाटी ओतताना मी पाहिलं नाही.

एक वाजता विशाखनं स्कूटर काढली,
कमाल चौकातल्या मेडिकलवर पावडरचा डबा आणायला.
पाऊण तासानं परतला. हातात डबा नाही.
"निमजेनं दिलाच नाही," म्हणाला,
"म्हणे, कोणासाठी पायजे? आई काय घेते? चिठ्ठी दाखवा."
चिठ्ठी त्याच्या खिशात घडी घातलेली, घामानं ओली.
निमजेंनी ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली.
तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचणारा माणूस,
त्यानं शिक्क्याखालून दोन शब्द काढले:
चालू ठेवणे.

आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः लिहून दिलं,
शाळेतल्या फळ्यासारखं गोल अक्षर:
ही गोळी चालते. दुधात उतरते ती अगदी थोडी.
दूध अडवाल तर दुखणं वाढेल.
बाळाला शी पातळ होऊ शकते, तोंडात पांढरं दिसलं
किंवा अंगावर पुरळ आलं तर मॅडमना दाखवा.
सगळीच औषधं चालत नाहीत, सर्दीचीसुद्धा विचारून घ्या.
खाली, वेगळ्या शाईत: सकाळी मॅडमना फोन करून खात्री करा.

मी सकाळची वाट पाहिली नाही.
डावीकडेच लावलं तिला.
पहिल्या ओढीला पायाची बोटं वळली माझी,
दातांत पदर धरला.
मग दगडात कुठेतरी एक दोरा सुटला.
विशाख कूलरमध्ये बादली ओतत होता,
त्याला वाटलं मी रडतेय, म्हणून तो ओततच राहिला.

आठ वाजता मॅडम फोनवर वैतागल्या, शिक्क्यावर, माझ्यावर नाही.

मग कॅलेंडरवर रीडिंग:
ताप १०१, ९९, मग काहीच नाही.
शी सहा वेळा, हिरवट. सात. पाच. चार, पिवळी.
चौथ्या दिवशी इतकं बरं वाटलं
की उरलेल्या गोळ्या कपाटात टाकाव्या असं आलं मनात.
टाकल्या नाहीत.

दहाच्या दोन पट्ट्या संपल्या.
कात्रीनं कापून दिलेली एकटी गोळी राहिली,
तिच्या पत्र्याचे कोपरे बोटाला टोचत होते.
लांजेवार काकू दारात उभ्या, उत्पला पीत असलेली पाहत.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"माह्या सुबोधच्या टायमाले असंच झालतं.
सुया चालू होत्या. बाराव्या दिवशी तोडलं मी त्याले.
दूध यायचं तरी. महिनाभर यायचं.
मले कोणी सांगतलंच नाही, बाप्पा."

काय बोलणार. सरकून गादीवर जागा केली.
त्या बसल्या, आणि निमजेंचा कागद मागितला,
चष्मा नव्हता, तरी पूर्ण वाचत बसल्या.