अंगठा

सोमवारी समाजकार्य, मंगळवारी पुरावा कायदा.
बाक एकच, वह्या दोन.
एकीत लिहायचं, बाई काय म्हणाली.
दुसरीत, ते सिद्ध कसं करणार.

मॅडम म्हणतात, आधी ऐका, अर्ज नंतर.
सर म्हणतात, मुदत टळली तर ऐकून काय करणार?
दुपारी दोघं कँटीनमध्ये
एकाच प्लेटमधलं गिरमिट खातात.

शिवलीला शेजारी बसते, बैलहोंगलची.
तिचं मराठी माझ्या कन्नडइतकंच,
बाजारापुरतं, भांडणापुरतं
आणि या सत्रात
निपाणीच्या बाळाबाई घस्तीपुरतं.

बाळाबाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
एकेचाळीस वर्षं विड्या वळून
अंगठा असा गुळगुळीत झालाय
की रेशन दुकानातल्या यंत्राला
ती दिसतच नाही.
तीन महिने तांदूळ नाही.
दुकानदार म्हणाला, घासून धुऊन या.
"धुतोय की रोज. हात हाय बाई, भांडं नव्हं."

परिपत्रक सापडलं. अंगठा न उमटल्यास डोळा.
मी आनंदानं वाचून दाखवलं.
बाळाबाईनं मान वर केली.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ताकाच्या निवळीसारखा.

मग अर्ज.
ती मराठीत सांगणार, मी शिवलीलाला,
शिवलीला कन्नडमध्ये कागदाला.
प्रत्येक वळणावर थोडं थोडं सांडत होतं.
"पोटात आग पडतीया" निघालं होतं ओसरीवरून,
कागदावर पोचलं तेव्हा
'गैरसोय' झालं होतं.
शिवलीलानं ते खोडलं.
बराच वेळ पेन दाताखाली धरून
तिच्या आजीचा एक शब्द लिहिला,
मला न येणारा.

खाली सही किंवा अंगठा.
"परत त्योच?" म्हणून बाळाबाई इतकी हसली
की सूप हललं.
उमटला तो निळा थेंब, आत काही नाही.
आमच्या मुलखात एका रेषेपायी
तीन पिढ्या मोर्चे निघाले, फलक फुटले.
इथं रेषाच नाही म्हणून
तांदूळ अडलेला.

हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, छान आहे,
पण अर्जात घालू नको.

गुरुवारी बोलावलं होतं. साहेब रजेवर.
पुढच्या गुरुवारी साहेब होते, शिक्का नव्हता.
परतताना बाळाबाईनं चहा पाजला,
साखर कमी पडली म्हणून
ओशाळली तीच.

मी वही उघडली. कुठली ते ठरेना.
शिवलीला तोवर तंबाखूनं सटासट शिंकत
कात्री घेऊन बसली होती पानं कापायला,
पत्र्याचा साचा उलटा धरून.
बाळाबाईनं तिचं मनगट धरलं,
न बघताच साचा सरळ केला.
"कॉलेजात हे शिकवत न्हाईत व्हय?
सोड. वाया घालवशील.
पान मोजून देतोय मालक."