दोन खळगे

पहिली सीट सायकलबरोबरच आली होती.
ती माझ्या हाडांसाठी नव्हती, हे
कर्वे पुतळ्यापाशीच कळलं.

मी घरोघर जाऊन रक्त गोळा करते.
सकाळी सहा ते नऊ, उपाशीपोटीची माणसं,
मागे कॅरियरला बर्फाचा डबा.
"स्कूटर घ्या की," लॅबवाले म्हणतात.
नारायण पेठेत ती लावू कुठे, ते मात्र सांगत नाहीत.

दुसरी सीट जेलची. अंगठा दाबला की आत जाई.
पौड फाट्यापर्यंत स्वर्ग,
म्हात्रे पुलावर मुंग्या,
आणि चाफेकरकाकांच्या दारात उतरले
तेव्हा पाय कुणा दुसरीचेच.
सुई धरणारा हात तेवढा माझा होता.

सासूबाईंनी गोधडीचा तुकडा शिवून दिला.
मग तोही सरकायला लागला.

बोहरी आळीत हकीमुद्दीनभाईंनी जेल चिमटीत धरलं.
"बेन, मऊ म्हणजे आराम नाही.
मऊत हाड बुडतं,
मग जे दबायला नको तेही दबतं.
तुमच्यात काय म्हणतात... खोगीरभरती."
आणि ट्यूबच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा
स्टुलावर ठेवून
ते चहा सांगायला निघून गेले.
चहा समोरच मिळतो. पंधरा मिनिटं लागली त्यांना.

त्यांची सून नफीसा म्हणाली,
"बसा. आता पुढं वाका, हँडल धरल्यासारखं."
मी उठले. तिनं पुठ्ठ्यावर खडू आडवा घासला.
दोन खळगे पांढऱ्यात काळे राहिले.

बावन्न वर्षं मी ह्यांच्यावर बसत आले,
शाळेच्या बाकावर, लग्नाच्या पाटावर,
दोन बाळंतपणांनंतर रबराच्या ट्यूबवर,
आणि भेट ही पहिलीच.
शिंप्याच्या टेपनं नफीसानं माप घेतलं:
साडेतेरा.
ब्लाउजवाल्याखेरीज माझं माप
आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सीट निघाली टणक, मधे चीर पडलेली.
अकराशे चाळीस.
भाईंनी वर गोटी ठेवली, घरंगळू दिली,
पाना फिरवला, पुन्हा ठेवली.
"नाक तांदळाएवढं खाली. आठ दिवस द्या तिला."
"दुखेल?"
"दुखेल थोडं."

मी रोज सांगते लोकांना, मुंगी चावल्यासारखं होईल.
नाही होत तसं. मला माहीत आहे, त्यांनाही.
हा माणूस नुसतं दुखेल म्हणाला
आणि मला बरं वाटलं.

सहा दिवस दुखलं. सातव्या दिवशी रविवार.

पुठ्ठा टाकला नाही.
कपाटात आहे, रेशनकार्डाखाली.
ह्यांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, राहू दे.

आज म्हात्रे पुलावर मुंग्या आल्या नाहीत.
मी वाट पाहिली त्यांची, अर्ध्यापर्यंत.
मग नाकाला कळलं,
नदीला किती वास येतो.