अकरा बश्या

अकिताच्या त्या डोंगरकपारीत अर्धांगाला नाव नव्हतं.
'लागला' म्हणत.
दगड लागतो, वारा लागतो, तसा.
"किसाबुरोच्या भावाला लागला, पहाटे, संडासात."
जणू नेम धरणारा कुणी होता
आणि चूक कुणाचीच नव्हती.

मी नाराओका, गावची आरोग्यसेविका.
घसरगाडीला काचेच्या बरण्या बांधून बर्फातून हिंडायची.
एकेका बरणीत एकेका माणसाचं
एका दिवसाचं, एका रात्रीचं मूत्र.
लोक लाजत. रुमालात गुंडाळून देत,
सुनेच्या माहेरी धाडायची भेट असावी तसं.
किसाबुरोनं तर सातूचा चहा भरून दिला.
प्रयोगशाळेनं कळवलं:
प्रकृती उत्तम. बहुधा किटली आहे.

पाऱ्यावर त्याचा आकडा दोनशेदहा.
म्हटलं, मुळा कमी करा.
म्हणाला, मग भात एकटाच उतरेल का घशाखाली, सोबतीवाचून?
धुरावर वाळवलेला, कोंड्यात मुरवलेला मुळा,
वर मिसोचं कढण, खारवलेला मासा.
पाच महिने बर्फ. हिरवं पान नाही.
मीठच तेवढं माणसाला पलीकडच्या काठाला नेतं.
हे मलाही ठाऊक होतं,
म्हणून आवाज चढवला नाही.

आता म्हातारपणी भिंग धरून
भाचीचे कागद वाचते.
मूत्रपिंडात रेनिन नावाचं एन्झाइम असतं.
मीठ कमी पडलं की ते हाका मारत सुटतं,
शिरा आवळा, पाणी राखा.
मीठ फार झालं की गप्प.
मिठाची गुळणीच धरतं म्हणा ना.
मग किसाबुरोचं तर मुकंच असणार!
तरी पारा का चढायचा?

भाची म्हणाली, आत्या, पुढच्या वळणावर दुसरं बसलंय.
त्याला मीठ दिसतच नाही.
ते पोटॅशियम मोजतं, बस.
पोटॅशियम आटलं की त्याला वाटतं, दुष्काळ आला,
आणि निघालेलं मीठ
दारातून वळवून पुन्हा रक्तात घेतं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ते जागतं. रात्रभर.
त्याचं इमानच माणसाला लागतं.

तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.
एवढंच ऐकलेलं, की डोंगरापलीकडे सफरचंदांच्या बागा आहेत
आणि तिकडे कमी जणांना लागतो.
किसाबुरोची बहीण तिकडे दिलेली. तिला पत्र टाकलं.
पेटी आली, भुश्शात बसवलेली.
रोज तीन, मी बजावलं.
आठवड्यानं गेले तर तोमे, त्याची बायको,
हसू दाबत पिंपाचं झाकण उचलून दाखवू लागली:
सफरचंदं मुळ्यांच्या शेजारी,
मिठात, कोंड्यात, दगडाखाली.

मी पायरीवरच बसले.
तोमे कानाशी लागून म्हणाली,
"अर्धी मी लपवलीत. निखाऱ्यावर भाजते, सालीसकट,
निजताना देते.
औषध म्हटलं तर तोंड फिरवेल."

वसंतात आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी.
सफरचंदानं, की उन्हानं,
की तोमेनं कढण गुपचूप पातळ केल्यानं?
वहीत आकडा लिहिला. पुढची ओळ कोरी ठेवली.

तो गेला एकोणऐंशीव्या वर्षी,
छपरावरचं बर्फ ओढताना.
शिरेनं नाही, शिडीनं दगा दिला.
गावात म्हणाले, लागला तरी नाही बिचाऱ्याला.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही.
दिवसाला अकरा घरं.
घरोघरी चहा, चहाबरोबर बशी, बशीत मुळा.
नको म्हणणं म्हणजे
त्या घराचा अख्खा हिवाळा परत करणं.
अकरा बश्या खाऊन मी सांगायची, मीठ कमी करा.
माझी बरणी तेवढी
घसरगाडीवर कधी चढलीच नाही.
अजून फडताळात आहे, धुतलेली.
मी तिच्यात बटणं ठेवते.