रुवी, रात्री सव्वादोन

तीन नेटवर्क, एकाच कंपनीची,
आपसात जोडलेली.
पगाराच्या सर्व्हरचं नाव तिसऱ्यातून विचारलं
की उत्तर येतं : असं कुणी नाही.

सर्व्हर जिवंत आहे.
आकड्यांनी हाक मारली तर ओ देतो,
नावानं नाही.
शम्साबाईंचा मेसेज : सातला पगार जायलाच हवेत.

तेवढ्यात पराठेवाल्या पोराचा फोन. बिल्डिंग किधर?
माशाच्या चौकातून डावीकडे, मी सांगतो.
कौनसा माशा, साब?

खरंच की. चौक पाडून सहा वर्षं झाली,
तिथं सिग्नल आहे.
हा आला मार्चमध्ये.
मीच अजून माशापाशी वळतोय.

खाली उतरतो. दमट हवेनं चष्मा आंधळा.
पोरगा पिशवी देतो, माझा नंबर जपून ठेवतो,
आणि लिफ्टमध्ये मला दिसतं :
नावांची खाजगी वही दोघांनाच जोडलीय,
तिसरं बिचारं बाहेर जगाला विचारत बसलंय.
जगाला आमच्या घरातली नावं काय ठाऊक!

दुवा जोडला. पुन्हा विचारलं.
असं कुणी नाही.

नकारसुद्धा साठवून ठेवतात ही यंत्रं,
पाच मिनिटं तरी.
पराठा गार, रस्सा बरा.

दोन एकावन्न. दहापासून सुरू होणारा पत्ता
पडद्यावर, गुपचूप.

पोराच्या फोनात मी काय नावानं आहे,
तेवढं ओझरतं दिसलं होतं :
मछली नहीं सिग्नल.