दुसरी खेप

धोपाव्याहून फेरीबोटीने आली रंजिता जाक्कर.
सातवा महिना. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा उघडाच.
कार्ड मागितलं, तर सासू म्हणाली,
"व्हडीत भिजलं. पयलीच खेप हाय, लिवा."

पूर्वी मी लिहून टाकलं असतं.
खाडीपल्याडचं पल्याडच राहायचं,
गाळात रुतलेल्या नांगरासारखं.

आता रंजिताने टॅबला अंगठा दिला.
रेंज आली, गेली, आली,
आणि रत्नागिरीच्या कुणा सिस्टरची नोंद उघडली:
खेप दुसरी. रक्तदाब चढला, झटके आले.
एकतिसावा आठवडा. मुलगी. रडली नाही.

मी मोठ्याने काही वाचलं नाही.
सासूला केसपेपर काढायला धाडलं,
दंडाला पट्टा पुन्हा गुंडाळला. दीडशे, शंभर.
डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गाडी सांगितली.

रंजिता स्क्रीनकडे बघत होती.
"तिचं नाव हाय काय त्यात?"
"नाव नाही गं. वजन आहे. नऊशे ग्रॅम."

"नऊशे," ती म्हणाली,
आणि दोन्ही तळवे जरासे उचलले,
मच्छी हातावर जोखताना उचलते तसे.

गाडी यायला अजून वीस मिनिटं होती.