शेरा

डंडीच्या लायब्ररीत, दुसऱ्या मजल्यावर, रेडिएटरशेजारी
माझ्यापुढे सहा अंक ठेवलेत भुताच्या चित्रकथेचे.
परीक्षक तिघे. मी त्यातली एक,
कारण मुलीनं फॉर्मवर लिहिलं :
आईनं एकतीस वर्षं इचलकरंजीत चित्रकला शिकवली.
तिनं हे नाही लिहिलं की एकतीस वर्षं
मी पोरांकडून कमळ, कळशी आणि चुण्यांचा पडदा काढून घेतला,
आणि भूत एकाही पेपरला आलं नाही.

तरी शाई मला कळते.
ही इनेस गिल्फिलन, चित्रकार,
काळा रंग ओतत नाही, राखून ठेवते,
पाहुणे वाढले तर पुरावा म्हणून.
जुन्या तागाच्या गिरणीचा जिना तिनं असा काढलाय
की शेवटच्या तीन पायऱ्या कागदावर नाहीतच.
त्या मीच उतरले.
चौथ्या अंकात मात्र घाई.
नदीवरचा पूल पट्टी लावून ओढलाय
आणि माणसांच्या बोटांना पेरं नाहीत.
तारीख जवळ आली असणार. बोटं आधी सांगतात.

गोष्ट ऑकटरलोनी नावाच्या कुणाची.
त्याच्याशी माझं भांडण आहे.
त्याची विधवा, एफी, रात्री दोन वाजता
तळघरात जाते. का जाते?
तर पुढच्या पानावर भूत उभं आहे म्हणून.
बाई अशी जात नाही हो.
बाई आधी गॅस बघते, पोराचं पांघरूण बघते,
दाराशी थांबून स्वतःवरच चिडते,
आणि मग जाते, काहीतरी परत आणायला,
बादली म्हणा, वाळत टाकलेला मोजा म्हणा.
तो मोजा लिहिला असता तर मी मेले असते भीतीनं.

आणि ती तागवाली, शंभर वर्षांपूर्वी मेलेली,
किंचाळते.
प्रत्येक फुग्यात थरथरती अक्षरं, पाच-पाच उद्गारचिन्हं.
ऑकटरलोनीसाहेब, मी मागांच्या गावातली आहे.
चाळीस माग चालायचे तिथं माझी मावशी कांड्या भरायची.
तिथं कुणी ओरडत नाही.
ओरडून ऐकू जाणार कुणाला?
ओठ हलवायचे, समोरचीनं ओठ वाचायचे.
घरी आल्यावरही मावशी कधी कधी
आवाज न काढताच बोलायची,
आणि आम्ही पोरं घास तसाच धरून बसायचो.

हे मी मार्कांच्या कागदावर इंग्रजीत कसं लिहू?
लिहिलं : भुतानं कमी बोलावं.

बाहेर समुद्राकडून धुकं आलं.
इथं त्याला हार म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी फोटोला.
खिडकीतून पूल गेला, मग त्याच्या कडेचे
जुन्या, पडलेल्या पुलाचे दगडी खुंटही गेले.

सहावा अंक. सतरावं पान.
फुगा नाही एकही.
नऊ चौकटी, नऊ वेळा तेच तोंड,
खालच्या ओठाला तागाचा एक तंतू चिकटलेला.
ओठ मिटलेले, अर्धे, गोल, दातांवर टेकलेले.
कुणाला सुचलं? तिला की त्याला?
की भांडण होऊन लेखक त्या दिवशी घरी बसला?
मी चष्मा पुसला.
मग माझ्याच ओठांनी ते आकार करून पाहिले.
भाषा त्यांची. अर्थ लागला नाही.
फक्त तिसऱ्या चौकटीत ओठ
'म'साठी मिटतात तसे मिटले होते.

शेजारच्या पिरीबाईंनी, त्याही परीक्षक, विचारलं,
भीती वाटली का?
मी म्हटलं, हात सुधारलेत.
चित्रांना बेचाळीस दिले. लेखनाला एकोणतीस,
मग खोडून चौतीस,
आणि त्या पानासाठी रकाना सापडेना.

घरी आले तेव्हा नात झोपली होती.
गॅस बघितला. तिचं पांघरूण बघितलं.
खाली, ड्रायरमध्ये, तिचा एक मोजा राहिलाय.
तो सकाळी आणेन.